आरशासमोरची खुर्ची

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. निवडून येऊन दोन महिने झाले, तरी कुणी ‘नगरसेवक साहेब’ म्हटलं की मी मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून. दिवे, शाळेचं छप्पर, कामं मार्गी लागताहेत. ऑफिसात येणारा प्रत्येक जण हसतमुख. तक्रार म्हणून नाही कुणाची.

निवडणुकीपासून बाबांच्या सलूनचं शटर खालीच आहे. आता खुर्च्या विकून जागा सोडावी म्हणतो. पक्षातले वडीलधारे म्हणतात, सकाळी लोकांच्या दाढ्या आणि दुपारी सभागृहात भाषण, हे शोभत नाही. पण तुला विचारल्याशिवाय मन धजेना.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावायचा हक्क तुझा आहेच, मायाही राहू दे.

तुझा,
बारक्या


११ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीकच गेली. तक्रार नाही म्हणे कुणाची! अरे, मागच्या गल्लीत नळाला गटाराचा वास मारतोय, पोरं जुलाबानं आडवी झालीत. हे मला इतक्या लांब इस्त्रीवाल्याच्या बायकोच्या फोनवरून कळतं, आणि तू तिथं हसरे चेहरे बघत बसलायस. इस्त्रीवाला तुझ्या ऑफिसात दोनदा येऊन गेला. ते मोठं टेबल, पलीकडे तू, भिंतीवरही तूच. दोन्ही वेळा बिचारा अभिनंदन करून परतला.

हाच माणूस तुझ्या खुर्चीत बसला की घरातली भांडणंसुद्धा सांगायचा. तू पाठीमागे उभा, तो आरशाशी बोलणार. गालाला फेस लागला की माणसाची भीड चेपते, असं बाबा म्हणायचे. तुला वस्तरा शिकवताना साबण लावलेला फुगा मीच धरायची, आठवतं? किती फोडलेस! पुढे त्याच दुकानात बसून तू कुणाला दाखला मिळवून दिलास, कुणाला दवाखान्यात नेलंस. मतं काय भाषणांना पडली होय?

आणि पक्षाचं निमित्त मला सांगू नकोस. आधीचे नगरसेवक प्रचारात म्हणाले होते ना, कात्री चालवणारा काय कारभार चालवणार, ते तुझ्या जिव्हारी लागलंय. माझ्याही लागलं. म्हणून काय बाबांची खुर्ची विकायची?

जेवणाची आबाळ करू नकोस. बोलले ते मायेपोटी, एवढं समजून घे.

तुझी,
ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून शटर उघडलं. पहिला आला इस्त्रीवाला. फेस लागला आणि जो सुटला, ऐकताना मला मान वर करवेना. त्याच दिवशी टँकर लावले. गल्ली दोन ठिकाणी खणली, पण गटाराचं पाणी पाइपात कुठून शिरतंय ते सापडेना.

रविवारी दुकान आवरत होतो, तर दारात आधीचे नगरसेवक. हो, तेच. दाढी करा म्हणाले आणि खुर्चीत बसून मान वर केली. माझ्या हातात वस्तरा, समोर त्यांचा गळा. मनात काय काय आलं, ते तुला लिहिणार नाही. डोळे मिटूनच ते म्हणाले, शाळेच्या भिंतीखाली खणा. पाइप गटारातून नेलाय. आमच्याच काळात झालंय, मला माहीत होतं.

उठताना विचारलं, “नाव घेणार माझं?”

मी म्हटलं, “पाइप कुठे आहे ते सांगेन. कुणी सांगितलं ते नाही.”

सोमवारी खणलं, पाइपाचा गळका सांधा तिथंच सापडला. आता पाणी स्वच्छ आहे, पोरंही शाळेत जायला लागलीत. पण ताई, ती आडवी पडली ती या माणसाच्या गप्प बसण्यानं, आणि तेच मी झाकून ठेवतोय. चुकलं का माझं? झोप लागत नाही.

पत्र वाचून फाडून टाक. खरं काय ते सांग, आणि प्रेम कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या


१ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलं.

चुकलं की बरोबर, मलाही ठरवता येत नाही बाबा. नाव घेतलं असतंस तर टाळ्या पडल्या असत्या, आणि त्या खुर्चीत पुन्हा कुणी तोंड उघडलं नसतं. झोप लागत नाही म्हणतोस, ते मात्र मला बरं वाटलं. या कामात ज्याला गाढ झोप लागते त्याची मला धास्ती वाटते.

एक सांगते. तू निवडून आलास तरी इथं कुणी विचारलं, भाऊ काय करतो, तर मी सलून आहे एवढंच सांगायची. मोठेपणा मिरवायचा नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या कामाची मला खात्री नव्हती.

काल शेजारणीनं विचारलं. म्हटलं, नगरसेवक आहे.

उत्तराची वाट बघते. लोभ आहेच, तो सांगायला कशाला हवा.

तुझी,
ताई