बिनसफेद्याचा राजा

धुळे,
दि. ९ फेब्रुवारी १९६७

चिरंजीव युसूफ यास तोताराम मास्तरांचे आशीर्वाद.

भुसावळहून आलेले तुझे कार्ड मिळाले. रेल्वेच्या कचेरीत तुला बढती मिळाली, हे वाचून संतोष झाला. कार्डातील ऱ्हस्वदीर्घांविषयी आज काही लिहीत नाही. यावरूनच पत्राचे गांभीर्य ओळख. येथे थंडी ओसरली. तुझे वडील हिलालभाई माझ्याकडेच आहेत. जेवण बेताचे, बहुधा पेजच घेतात.

जळगावचे नाट्यमंडळ शनिवारी, १८ तारखेस, त्यांचा सत्कार करणार आहे. मंडळाचे चिटणीस अभयकुमार परवा येऊन गेले. म्हणाले, "हिलालभाई, भाषण नको. राक्षसाची ती एक आरोळी ठोका, लोक थिएटर डोक्यावर घेतील!"

तुझे वडील हसले. "शेटजी, आरोळीले घसा लागस."

अभयकुमारांना तो विनोद वाटला.

त्या आरोळीपायीच तू घर सोडलेस, हे मला ठाऊक आहे. शाळेत मुले तुला 'राक्षसाचा पोर' म्हणत. परंतु त्यांनी रंगभूमीवर केलेला राजा तू पाहिला नाहीस, म्हणून लिहितो. येथून पुढे तुझ्या वडिलांना मी एकवचनाने संबोधतो; तो माझा शिष्य आणि मित्र आहे, बहुवचनाने तो दूर जातो.

हिलाल राजपिपळ्याकडून ढोल वाजवीत आमच्या नाटक कंपनीत आला. सिद्दी माणूस, काळाभोर, धिप्पाड. मालकांनी लगेच राक्षस केला. तालमी मी घेत असे. वर्षानुवर्षे त्याच्या वाट्याला गर्जनाच आल्या. परंतु विंगेत बसून त्याने सर्वांची भाषणे पाठ केली होती, आणि त्याचे उच्चार माझ्याइतके स्वच्छ होते. हे वाक्य मी सहजी लिहीत नाही.

एरंडोलच्या मुक्कामी राजाचे काम करणारा नट तापाने पडला. तिकिटे विकली गेली होती. मालक सफेद्याचा डबा घेऊन आले. "फास तोंडाला, आणि हो उभा."

हिलालने डबा खाली ठेवला. "मास्तर, राजाना रंग पोथीमा कोठे लिखेल शे?"

नाटकाची पोथी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "कोठेही नाही."

"अरे, लोक हसतील!" मालक ओरडले.

"हासू द्या. राजा रडाले लागना का उगा ऱ्हातीन."

पडदा उघडला. मागून कोणी ओरडले, "आरे, राक्षस राजा व्हई गया!" हशा पिकला. तिसऱ्या अंकात राजा आपल्या मुलाला वनात सोडून परततो. तेथे एकही माणूस हसला नाही. त्यानंतर कंपनी बुडेपर्यंत राजा तोच होता. स्वतःच्या चेहऱ्याने राजा झालेला त्याच्या समाजातील दुसरा नट मला ठाऊक नाही.

कंपनी बुडाली तेव्हा तू पाळण्यात होतास. पुढे पोटासाठी जत्रेच्या तंबूत पुन्हा राक्षस. तोच तू पाहिलास.

आता, लिहू नका असे त्याने मला बजावले आहे, ते लिहितो. त्याच्या घशात गाठ आहे. सत्कारानंतर लगेच मुंबईस शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, असे डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही.

शनिवारी तो आरोळी देणार नाही. तिसऱ्या अंकातील राजाचे भाषण म्हणणार आहे. अभयकुमारांना हे अद्याप सांगितलेले नाही.

रंगायचे काही नसले तरी, प्रवेशापूर्वी तो आरशात आपला चेहरा क्षणभर पाहतो. तो आरसा आजवर मी धरीत आलो. आता माझा हात कापतो. काल सराव करताना म्हणाला, "मास्तर, तुमना आरसामा मी नाचस."

पाहुणा म्हणून येऊ नकोस. पाहुण्यांसाठी खुर्च्या आहेत. पडद्यामागे ये. आरसा धरायला माणूस नाही.

पत्रात खाडाखोड झाली आहे. ती तशीच राहू दे. पुन्हा उतरून काढण्याइतका अवधी आपल्यापाशी नाही.

तुझी वाट पाहणारा, आणि न बोलता वाट पाहणाऱ्याचा सोबती,
तोताराम मास्तर