दहाव्याला दिलेला शब्द

मखमलाबाद, नाशिक
३ एप्रिल १९९८

चि. समाधान यास छायाताईचे आशीर्वाद.

ओरिसाहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. इकडे द्राक्षं संपत आली, ऊन फार आहे. मी चार दिवस माहेरी आले आहे. तुमच्या मिशनच्या नकाशावर आणखी गावांना टाचण्या लागल्या, ब्राझीलची माणसंसुद्धा त्या गावांसाठी प्रार्थना करतात, हे वाचून हसू आलं. तुला तर आपल्या मळ्यापुढची वाट सापडत नव्हती.

मे महिन्यात कोरियाच्या पाहुण्यांना घेऊन येतो, नानांशी गाठ घालून देतो म्हणतोस. येऊ नकोस.

नाना गेले रे. फेब्रुवारीत, झेंडूला पाणी देता देता. ललितदादा म्हणाला, "त्याला कळवू नका. तो येईल, विधीला हात लावणार नाही, आणि गंगेवर लोकांसमोर भांडणं होतील." मी ऐकलं.

दहाव्याला पिंड ठेवला, तर एकही कावळा खाली येईना. दादा म्हणाला, मळा विकणार नाही. मी म्हणाले, आईला सांभाळीन. ऊन डोक्यावर आलं. शेवटी चंदरकाका मोठ्यानं बोलले, "भाऊ, समाधानला परत आपल्या धर्मात आणतो." तरी नाही.

मग आई उठली. हात जोडून म्हणाली, "आवो, त्यो आता आपला नाय. घरात घेणार नाय त्याला." तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत कावळा शिवला.

सगळे सुटल्यासारखे आंघोळीला गेले. मला नानांचा फार राग आला, अजूनही आहे. तुझं पत्र माझ्याकडून दोन-दोनदा वाचून घेणारा माणूस असं मागेल, हे मला पटत नाही. पण आईला पटलंय. कुणी तुझं नाव काढलं की ती उठून जाते.

तू म्हणशील, कावळाच तो, भूक लागली म्हणून आला. असेल. ते साऱ्या जगाला सांग, फक्त तिला सांगायला येऊ नकोस. नानांना दिलेला शब्द मोडून ती जगायची नाही.

आज मी लिहायला बसले, तर आपणहून जवळ आली. "येऊ नको म्हनून लिही त्याला," म्हणाली. उठून दारापर्यंत गेली, परत आली. मग म्हणाली, "माझ्या येळंला मातर कळवा. मला कावळा नाय शिवला तरी चालंल."

तेव्हा मीच कळवीन. तोवर येऊ नकोस.

तुझी,
छायाताई