पाठ केलेली अकरा वाक्यं

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. सहा आठवडे, रोज चार तास. दुकानातून रजा मिळाली, पण मालकांनी टोमणा मारलाच, की आयुष्यभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढलेत, आता या वयात हे काय काढलंत? लेक बाळंतपणाला माझ्याकडे आलीय, दोन महिने राहिलेत. विहीणबाई आणि मी महिनाभर एका घरात राहणार आणि त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही, हे मालकांना कुठे सांगत बसू!

वर्गाच्या सहा पायऱ्या आहेत. लेक म्हणत होती, गुपचूप पहिलीत बस. पण तोंडी परीक्षा झाली आणि बाईंनी मला थेट चौथीत बसवलं. बाबांना सांग. फार फुगवून सांगू नकोस.

गुडघा बरा आहे. तुझा खोकला कसा आहे ते कळव. आहे तेवढी माया असू दे.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फुगवून सांगू नकोस म्हणालीस, म्हणून फक्त सगळ्यांना सांगितलं. बाबांनी त्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचं थांबवून ऐकून घेतलं म्हणे. मी पडदे शिवता शिवता गिऱ्हाइकांना सांगते, की आमची ताई पहिल्या तीन पायऱ्या उडी मारून गेली.

पण खरं सांग हं. गेल्या महिन्यात तुला 'आभारी आहे' कसं म्हणतात तेही आठवत नव्हतं. जावयाशी फोनवर नुसतं 'हॅलो हॅलो' करत होतीस. मग चौथीत कशी गं गेलीस? बाईंना काही खाऊ घातलंस का?

खोकला गेला, शिंका आल्या. मोठी विद्वान झालीस तरी मला विसरू नकोस.

तुझी,
धाकटी

१७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

लेकीच्या लग्नातली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. हॉलच्या मागे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे विहीणबाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ काही सांगत राहिल्या. चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, पोराची काही गंमत सांगताहेत. त्या थांबल्या तशी मी खळखळून हसले, वर त्यांच्या पाठीवर थापही मारली. त्यांनी हात सोडला. दोन दिवसांनी गाडीत बसताना लेकीने सांगितलं, की त्यांची थोरली मुलगी तरुणपणीच वारली होती, त्या तिच्याबद्दल बोलत होत्या. आज ती असती तर नाचली असती, असं म्हणत होत्या.

तेव्हापासून मी माफी तयार करतेय. दुकानात एक म्हातारे येतात, स्पॅनिश बोटीवर स्वयंपाकी होते. त्यांच्याकडून अकरा वाक्यं आपल्या लिपीत लिहून घेतली. दोन वर्षं भिंगं पुसताना तीच म्हणत असते. परीक्षेला बाईंनी काही विचारलं, त्यात मला 'कुटुंब' एवढाच शब्द कळला, आणि मी अकराच्या अकरा म्हणून टाकली. अगदी आवाज कापरा वगैरे करून. बाईंचे डोळे भरले. पुढे त्यांनी विचारलं त्यावर मी मान हलवली. झाले चौथीत दाखल.

आठवडाभर वर्गात लोक हसले की हसतेय, माना हलवल्या की हलवतेय. काल लिफ्ट दुरुस्त करणारा एकजण उभा राहून बोलत होता. मजेदार माणूस आहे. तो मध्येच थांबला आणि मी हसले. वर्गात मी एकटीच. शेजारणीने कानात सांगितलं, त्याची आई दवाखान्यात आहे.

तोंड कुठे लपवू कळेना. पाण्याची बाटली पडल्याचं नाटक करून बाकाखाली वाकले आणि तास संपेपर्यंत बाटली शोधत राहिले. आज गेलेच नाही. घरात कुलूप लावल्यासारखी बसलेय. पहिलीत जावं तर तू गावभर सांगून ठेवलंयस. मीच सांगायला लावलं, तुझा दोष नाही.

रागावू नकोस. उरलीसुरली माया ठेव.

ताई

२३ जून

ती. ताईस,
सा. न.

पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मशीन बंद करून ठेवलं.

तूच सांगितलं होतंस, एक ट्रकवाला तुमच्या दुकानातला तक्ता पाठ करून आला होता. अक्षरं धडाधड म्हणाला. तू तक्ता उलटा टांगलास, तेव्हा रडकुंडीला आला. तू त्याला ओरडली नाहीस. खोटा नंबर दिला तर रस्ता दिसणार नाही बाबा, असं म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून बसवलंस. स्वतःला मात्र तू चौथ्या ओळीचा चष्मा घालून हिंडवतेयस.

आता माझं ऐक. लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या लेकीने मला बाजूला घेऊन त्या मुलीचं सांगितलं होतं. आईला सांगून ठेव मावशी, म्हणाली होती. मी हो म्हणाले आणि तुझ्या ब्लाउजच्या बाह्या उसवत बसले. विसरले. दुसऱ्या दिवशी खुर्च्यांपाशी मी होते, ताई. त्यांनी हात सोडला तो मी पाहिला, आणि मला आठवलं. मी तिथून निघून गेले. दोन वर्षं तू काही बोलली नाहीस, म्हणून मी समजले, तुला कळलंच नाही. फोनवर तुला बोलू देत नाही ना, ते यासाठीच.

बाबांना मी तू पहिलीत गेल्याचं सांगून टाकलंय. आता जावंच लागेल. ते म्हणाले, बरं झालं, चौथीतली पोरगी घरी आली असती तर मलाही शिकवलं असतं तिने.

मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव.

धाकटी

२ जुलै

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद.

राग आला. दोन दिवस भांडी आपटली. मग वाटलं, तू सांगितलं असतंस तर मी लांब चेहरा करून मान हलवली असती, एवढंच. कळलं मात्र तेव्हाही नसतं. सावकाश ठरवू.

लिफ्टवाल्याची माफी मागितली, सरळ आपल्या मराठीत. त्याने माझी बाटली उचलून हातात दिली. नंतर ऑफिसात जाऊन सगळं कबूल केलं. चौथीच्या बाईंनी वहीतलं माझं नाव खोडलं. त्यांचे डोळे माझ्या पाठांतरावर खरेखुरे भरले होते, ते जास्त लागलं. आता मी पहिलीत आहे. मागच्या बाकावर एक सुतार आणि मी.

सगळ्यात आधी शिकवलं ते एवढंच: मला कळलं नाही. हळू बोला. पुन्हा सांगा.

रविवारी लेकीला म्हटलं, विहीणबाईंना फोन लाव आणि तू खोलीबाहेर जा. अकरा वाक्यांचा कागद समोर होता. तो उलटा ठेवला. म्हटलं, लग्नात मला कळलं नाही. पुन्हा सांगा. हळू.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या बोलायला लागल्या, एकेक शब्द, लहान मुलाला भरवावं तसा. बहुतेक सगळं डोक्यावरून गेलं. त्यांच्या मुलीचं नाव कळलं. 'नाच' कळलं. आणि आदल्याच दिवशी आम्ही वीसपर्यंत आकडे शिकलो होतो, धाकटे.

'एकोणीस' कळलं.

या वेळी मी हसले नाही. फोन कर, तुला बोलू देईन.

तुझीच,
ताई