टिटवीची चार अंडी आणि काकासाहेबांची मोसंबी

शहागड,
२ जून १९९६

तीर्थरूप अरुंधतीताईस,

धाकट्या जगन्नाथचा साष्टांग नमस्कार. आम्ही तिघंही खुशाल आहोत, उन्हानं जरा काळे पडलोत एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत? शाळेचा जिना चढताना अजून कळ येते का? शीलूला चौथीनंतर शाळेतून काढलं आणि सरोजिनी तिला घरीच शिकवायला लागली, तेव्हापासून तू आमच्याशी बोललेली नाहीस. जालन्याच्या हेडबाईंच्या सख्ख्या भाचीनंच शाळा सोडावी, याचा राग येणारच. तुझं बराबर आहे. (पण शीलूला वर्गाबाहेर का उभं केलं होतं हे तुला कुणी सांगितलंच नसेल. तिनं गुरुजींना विचारलं की पृथ्वी फिरते, तर आपण एका जागी थांबून राह्यलो की जालना आपोआप का येत नाही, एसटी कशाला लागते? गुरुजींनी तिला दाराबाहेर काढलं. याचं उत्तर मलाही येत नाही. तुला येत असेल तर उलटटपाली कळव, ती अजून विचारते.)

तर या उन्हाळ्याचा आमचा कारभार असा, की सकाळी नदीकाठ, दुपारी कडुलिंबाखाली वाचन, संध्याकाळी विटीदांडू. वाचनालयातून अकरा पुस्तकं आणली होती, ती शीलूनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच संपवली आणि मंग पुस्तकात नसलेलं शोधायला निघाली. आठ तारखेला ते सापडलंही. नदीकाठी काकासाहेबांचं (इथले जुने, मोठे शेतकरी; रस्त्यानं निघाले की लोक बिड्या विझवतात) एक पडीक, खडकाळ रान आहे. तिथं खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी. घरटं म्हणशील तर न्हाईच, नुसती चार बोटं खोल जागा, आणि अंडी अशी ठिपक्यांची की बघता बघता खडे होतात. पिल्लं निघेपर्यंत रोज बघायचं आणि लिहायचं असं मायलेकींनी ठरवलं. कुणाचा पाय पडू नये म्हणून (कुणाचा म्हणजे माझाच) सरोजिनीनं चार काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि दोरी ताणली. सकाळचा पहारा माझ्याकडे. पहिल्याच दिवशी टिटवीनं डोक्यावर झेप घातली, तेव्हापासून मी छत्री उघडून बसायला लागलो.

आता ताई, तूच विचार कर. पाटबंधारे खात्यातला कारकून रोज सकाळी छत्री घेऊन रानात बसतो, मांडीवर रजिस्टर, भोवती दोरी अन् लाल निशाणं. तिसऱ्या दिवशी भुजंग आला. नदीच्या पात्रात त्याची टरबुजाची वाडी आहे. त्यानं हळूच विचारलं, "सायेब, कालवा कोणीकून काढून राह्यले?" मी म्हणालो, मी अंडी बघतोय. त्यानं दोरी, निशाणं, रजिस्टर सगळं नीट बघून घेतलं. मंग म्हणाला, "न्हाई सांगायचं तर नका सांगू. पन अंड्याचं नाव करू नका."

दोन दिवसांत कालवा गावभर झाला. आठव्या दिवशी काकासाहेब स्वतः आले, ते चाळीस मोसंबीची रोपं आणि पाच गडी घेऊन. पडीक रानापेक्षा फळबागेला मावेजा (सरकारी भरपाई) जास्त मिळतो, म्हणून कालवा यायच्या आत बाग उभी करायची होती. खड्ड्यांची ओळ आखली, आणि सहावा खड्डा नेमका अंड्यांवर आला. माझी अवस्था काय सांगू! वडीलधारा माणूस, त्याचंच रान, त्याचेच गडी. मी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली, याहून जास्त काही माझ्यानं झालं नाही. शीलू मात्र पहारीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. 

"आजोबा, खड्डा चार पावलं तिकडं घ्या."

"का बरं?"

"इथं आधीच कुणीतरी राहतंय."

काकासाहेब बघायला वाकले, तेवढ्यात टिटवी आली आणि त्यांचा पटका पाचव्या खड्ड्यात गेला. गडी जमिनीकडे बघायला लागले. आता काय होतं म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर काकासाहेब उकिडवे बसलेले, उघड्या डोक्यानं, अंडी मोजत. "चार हायेत! मंग चार म्हैने पाऊस हाय, गड्यांनो!"

शीलूनं लगेच विचारलं, "गेल्या वर्षी किती होती?"

"कोनाला ठावं."

"मंग तुम्हाला कसं माहीत?"

साठ वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. त्यांनी पटका उचलून झटकला. मंग मला कालव्याचं विचारलं, कालवा येत न्हाई अशी मी गळ्याची शपथ घेतली, आणि रोपं विहिरीकडच्या रानात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब माझ्या शेजारी येऊन बसले, स्वतःची छत्री घेऊन. या वर्षी किती दिवस पाऊस पडतो ते लिहून ठेवायला त्यांनी कोरी वही घेतलीय.

पुढं एक नवल झालं. उन्हं तापली तशी टिटवी दुपारी नदीवर जायची आणि पोट भिजवून यायची. ती न्हाते म्हणावं, तर पाठ कोरडी. पुस्तकात कुठंच न्हाई. सरोजिनीची बी.एस्सी. इथं संपली. भुजंगची आई, गोजरबाई, टरबुजं झाकता झाकता म्हणाली, "अंडे तापून राह्यले ना बाई. आपन माठाला वलं फडकं गुंडाळतो, तसं हाये ते." शीलूनं ते तिच्या नावासकट वहीत लिहिलं. आपलं नाव वहीत कसं दिसतं ते बघायला गोजरबाई दोनदा घरी येऊन गेली.

पाच मेच्या सकाळी अंडी फुटली. अर्धं गाव लांब उभं होतं. कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं, वाळली न वाळली तोच उठून चालायला लागली. टिटवीनं हाक दिली की जागीच थिजायची. दुपारपर्यंत चौघं कुठल्या कुठं निघून गेली. सत्तावीस दिवस राखण केली आणि निरोपसुद्धा घेतला नाही. "यांना कुणी शिकवलं?" शीलूनं विचारलं. 

असो. घरातल्या शिक्षणानं पोरगी कशी तयार होते आहे, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. लोभ होता तसा परत असावा.

तुझा,
जगन्नाथ

ता.क. मुद्द्याचं राहूनच गेलं. शीलूला तुझ्या शाळेत यायचंय. घरात ती आमच्याशी वाद घालते आणि दर वेळी जिंकते. आता तिला हरवणारं कुणीतरी बरोबरीचं पाहिजे, असं तीच म्हणते. शाळा उघडली की आठ दिवस मागच्या बाकावर बसू देशील का? सरोजिनीला मी अजून सांगितलेलं नाही. तिनं एवढं मन लावून शिकवलं, तिला काय वाटेल?

ता.क. २. सरोजिनीनं पत्र वाचलं. ती म्हणते, आठ दिवस कशाला, वर्षभर ठेव; आणि विज्ञान शिकवायला तुझ्याकडे जागा आहे का, तेही तिनं विचारलंय. तिचा अर्ज सोबत जोडलाय. त्यावर तारीख एप्रिलची आहे. दोघी तुझ्याकडेच राहतील म्हणे. मी कुठं राहायचं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.