डोंगरापलीकडच्या देशातला चहा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या लग्नाची बोलणी निघाली की मला तुमचा तो देश आठवतो. कारखान्यातून आलात की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही तो रोज थोडाथोडा रचायचात. जांभूळ गावच्या डोंगरापलीकडचा, कुठल्याच नकाशात नसलेला. तिथे नवराबायको भांडले की एकमेकांच्या वहाणा घालून गावाला फेरी मारतात. तिथे मुलगा मुलीच्या घरी जाऊन चूल पेटवतो, तिच्यासाठी चहा करतो. तिने कप रिकामा केला तर लग्न, न पिता खाली ठेवला तर नाही. भाकरी थापता थापता आई विचारायची, "मग त्या चहातून तुम्ही कसे सुटलात?"

बदलापूरचं स्थळ आलं तो दिवस. आपल्या अंबरनाथच्या खोलीत मी पाटावर बसले होते. मुलाच्या आत्याबाईंनी मला चालायला लावलं, मग वर्तमानपत्र वाचायला दिलं. एका शब्दाला मी अडखळले, तर मुलाने तो शब्द हळूच, इतर कुणाला कळू न देता सांगितला. तेवढ्यावरून तो मला आवडला. पण मला काही विचारण्याची तिथे कुणाला गरज वाटत नव्हती. तेव्हा तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "आमच्याकडे एक पद्धत आहे," आणि त्या देशातला चहा जसाच्या तसा सांगितलात.

"चुलीपाशी? आमचा मुलगा?" आत्याबाई अर्ध्या उठल्याच. स्थळ मोडलं, असं मला वाटलं. आईने हसू दाबायला पदर तोंडाशी धरला होता. मुलाने मात्र कोट काढून खुंटीला लावला.

"आत्या, पाणी किती घालायचं?"

"मला काय विचारतोस? लग्न तुझं!"

लाकडं ओली होती. फुंकणी तोंडाला लावून त्याने श्वास आत ओढला आणि खोकत सुटला.

"अरे, फुंक मार! ओढतोस काय, चिलीम आहे का ती?" म्हणत आत्याबाईच हसत हसत खाली बसल्या, आणि मग सगळी खोली हसू लागली.

मग कप माझ्या हातात आला. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. तुम्ही डोळे पुसलेत आणि धुराला नावं ठेवलीत.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. त्या चहाला नुसती धुराची चव होती, साखर घालायची तो विसरला होता. तरी मला आणखी एक कप हवा होता, बाबा. मागायला लाजले.