पांढऱ्या खांबापाशी

सोमवार, ४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! ॲडलेडहून तीन तास, त्यातला शेवटचा तास नुसता पिवळाधमक गहू, आणि मग एकदम समुद्र. हॅलोरन बे म्हणजे एक रस्ता, एक जेटी, एक दुकान आणि मर्ल ट्रेनविथच्या चार कॉटेजेस. त्या सांभाळायची नोकरी आता माझी. मर्ल सत्तरीची, पाठीने ताठ. दारातच गरम पेस्टी, खिम्याची मोठी करंजीच ती, हातात ठेवून म्हणाली, आधी खा पोरी, किल्ल्या कुठे पळून जात नाहीत. काम सोपं आहे. शनिवार-रविवारसाठी लोक फोन करतात, त्यांना बेत आखून द्यायचा: वारा कधी पडतो, जेटीवर मासे कधी लागतात, पोहायचं कुठे. पोहायचं वाळूत रोवलेल्या पांढऱ्या खांबापाशी, सकाळी अकराला. तिथे लाटच नसते. तू मात्र जेटीपाशीच पोह हं, असंही तिने बजावलं. घटस्फोटानंतर माझी इतकी काळजी कोणी केली नव्हती.

बुधवार, ६ नोव्हेंबर
आज पहिला बेत आखला. पोर्ट पिरीहून व्हेस्ना नावाच्या बाईचा फोन आला. बस चालवते, चार वर्षांत एक सुट्टी नाही. पुढच्या शुक्रवारी नवऱ्याला घेऊन येणार. दिवसभरात तीनदा फोन! फ्रिज आहे का, टॉवेल आणायचे का, नवरा फार घोरतो तर शेजारच्या कॉटेजला त्रास होईल का. मी म्हटलं, समुद्र त्याच्याहून जोरात घोरतो, बिनधास्त ये. अशी हसली की मलाही हसू आवरेना. बेत सुवाच्य अक्षरात लिहून पाठवून दिला: शनिवारी अकराला पोहणं, पांढऱ्या खांबापाशी.

शनिवार, ९ नोव्हेंबर
काल एक तरुण जोडपं उतरलं. आज अकराच्या सुमाराला पाहते तर वाळूच्या टेकडीवर अख्खं गाव घडीच्या खुर्च्या मांडून बसलेलं. थर्मास, केक, कुणाचं विणकाम. दुकानवाल्या क्लॅरीने सरकून मलाही जागा दिली. काय गोड माणसं, असं वाटलं.
तो मुलगा खांबापाशी पाण्यात शिरला. पाच मिनिटांत इतका लांब गेला की डोकं टिंबाएवढं झालं. हात वर करत होता. मी ताडकन उठले. दुसरं कोणीच उठलं नाही. बायकोच्या किंकाळ्या इथवर येत होत्या आणि मर्ल केक कापत होती.
अर्ध्या तासाने तो लांबच्या खडकांवर रक्ताळलेला चढला, तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा टाकला. सुटकेचा नव्हता तो. आपल्या संघाचा गोल हुकल्यावर टाकतात, तसला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
क्लॅरीला विचारलं. गळाची गांडुळं डब्यात भरता भरता त्याने सरळ सांगून टाकलं. जिथे लाट फुटत नाही तिथूनच पाणी माघारी जातं, माणसाला घेऊन. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, शहरातल्यांना नाही. ती ओढ सरकते, म्हणून दरवर्षी खांबही सरकवावा लागतो.
पण का, मी विचारलं. तो म्हणाला, हिवाळ्यात फुटबॉल असतो गं. उन्हाळ्यात आम्ही बघायचं काय?
गेल्या उन्हाळ्यात तिघं गेली. मी पोलिसाचं नाव काढलं तर हसतच सुटला. शनिवारी टोपी घालून माझ्या डावीकडे बसला होता, तोच म्हणे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
दुपारी खांब उपटला. वळले तर मर्ल आणि चौघेजण मागेच उभे. कोणी आवाज चढवला नाही. मर्लने माझा हात धरला आणि फिरायला निघाल्यासारखे आम्ही पाण्यात शिरलो, छातीपर्यंत. त्यांच्या कमरेला दोर होते. माझ्या नव्हता. पायाखालची वाळू निघून गेली. तिने विचारलं, सोडू?
मी तिच्या गळ्याला मिठी मारली. रडले. तिने पाठीवरून हात फिरवला. पुढच्या वेळी विचारणार नाही हं, पोरी.
खांब पुन्हा उभा आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
गाडीची किल्ली नाही. घरातला फोन मुका. मोबाइलला रेंज फक्त दुकानाच्या ओट्यावर, आणि तिथे क्लॅरी —
पायी निघाले. एक गाडी चालीच्या वेगाने मागे येत राहिली. भोंगा नाही, काही नाही. परत आले.
संध्याकाळी व्हेस्नाची गाडी येऊन थांबली. मला मर्लच्या घराबाहेर जाऊ दिलं नाही. खिडकीतून तिचं हसणं ऐकू आलं —

शनिवार, १६ नोव्हेंबर
टेकडीवर, खुर्चीत बसून लिहितेय. वही घे, मन रमेल, असं मर्लच म्हणाली. ती शेजारी आहे.
अकराला दहा कमी. ती दोघं आली.
व्हेस्ना टेकडी चढून सरळ माझ्यापाशी. तूच लिओनी ना? आवाजावरून ओळखलं असतं! मला मिठी मारली. म्हणाली, चार वर्षांत काल पहिल्यांदा गाढ झोपले. मग विचारलं, पाणी बरंय ना गं?
सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मर्लची बोटं माझ्या मनगटावर.
मी मान डोलावली.
धावत खाली गेली. नवरा शर्ट काढतोय — तिला पाणी अजून गुडघ्याएवढंच आहे. ओरडले तर ऐकू जाईल, वारा तिकडेच वाहतोय. कंबरेपर्यंत. ती हात हलवतेय, मला — अजून पाय टेकताहेत तिचे — क्लॅरी पुढे सरकून बसला — उठते. आता उठते. हे वाक्य संपलं की उठ