टब उचलायची हाक

सुरबाया बंदर, जावा बेट
श्रावण, सन १९३४

तीर्थरूप भागोजीमामांच्या पायांवर भाचा भिकू याचं डोकं. तुमचा गुडघा आणि मामीचा राग दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. मी खुशाल. कामं सोडण्यात माझा हात कुणी धरत नाही, म्हणूनच काळूरामकाका म्हणाले होते ना, एका कामावर टिकेल त्यालाच माझी लेक केसर देईन? तर ऐका, इथे गोदीवर मुकादमाची जागा रिकामी आहे, आणि आमच्या इंग्रज साहेबाचा डोळा माझ्यावर आहे.

इथली मलायी बोली माझ्यासारख्यासाठीच केलेली. (जोडाक्षरं आली तेव्हा मी शाळा सोडली, उरलेली बोटीवर शिकलो. पत्र मास्तर वाचून दाखवत असतील तर त्यांना नमस्कार.) दोरीला ता-ली, नारळाला के-ला-पा. प्रत्येक अक्षराला बसायला आपली फळी. फार तर शेवटी एखादं अर्धं अक्षर लटकतं, जहाजाला का-पाल म्हणतात तसं. इंग्रजी शब्द म्हणजे वादळात खाडीत घुसलेल्या होड्या. तोंडाशी तीन अक्षरं अडकलेली, बाहेर पडताना आणखी दोन-तीन, आणि मध्ये श्वासाला एकच जागा!

आपण होडी वर ओढताना एकजण हाक देतो, हाकेचं तोंड उघडलं की सगळे ओढतात. इथे ती हाक माझी. परवा साहेबाचा न्हाणीचा लोखंडी टब दोरांनी उचलून बोटीवरून उतरवायचा होता. साहेब म्हणाला, हाक इंग्रजीतच दे, "स्ट्रेंग्थ!" म्हणजे ताकद. दिली. निम्म्या गड्यांनी शब्द सुरू होताच ओढलं, निम्मे तो संपायची वाट बघत राहिले. टब गरकन फिरला आणि साहेबाची टोपी घेऊन पाण्यात गेला.

"भिकू, यू फूल!"

"साहेब, ह्यो शब्द दोन्हीकडनं बंद हाय. वढायचं कुठं?"

मग तोच शब्द मी मलायी पद्धतीनं मोकळा केला, से-ते-रें-गाऽऽ! गाऽऽ वर सगळ्यांनी एकदम ओढलं. टब वर आला. आत टोपी, टोपीत खेकडा. साहेब आधी लाल झाला, मग पोट धरून हसला.

आपला,
भिकू

ता. क. मामा, खरं काम हे, की दिवाळीच्या आत काळूरामकाकांकडे माझ्यासाठी शब्द टाका. गोड बोला. मासळीच्या भावाचं जुनं भांडण काढू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना साहेबानं बोलावलं. मुकादमी मिळाली! फक्त ती गोदीवर नाही, बेटाबेटांतून फिरणाऱ्या बोटीवर. काकांना काम पक्कं एवढंच सांगा. केसरला मात्र सगळं सांगा. बोटीवर बायकोला जागा आहे का, हे मी आधीच विचारलं. साहेब हो म्हणाला. आता तिचंच 'हो' राहिलं.